पाहुण्यांना रंकाळा दाखवणे

कोल्हापुरात स्वतःचं घर आणि घरात एक जादा गादी, एवढं असलं की वर्षभर पाहुण्यांची ददात नसते. येणाऱ्यांचा कार्यक्रमही ठरलेला, सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, मग चप्पल लाईनला जाऊन घासाघीस आणि संध्याकाळी रंकाळा. पहिल्या तिन्हीत माझं काही अडत नाही, देवी दर्शन देते, रस्सा घाम काढतो आणि चप्पल चावायला लागते ती पाहुणे आपापल्या गावी पोचल्यावर. रंकाळा मात्र माझ्या गळ्यात. आमचे हे पाहुण्यांचा चहा संपायच्या आत "तू ने की त्यांना, मला जरा दुकानात बघायला पायजे" म्हणून सटकतात.

आता रंकाळा म्हणजे काय, तर पाणी. मोठं आहे, पूर्ण फेरा मारायचा तर चार-साडेचार किलोमीटर चाल होते, पण शेवटी पाणीच. सांगायला गोष्टी आहेत, म्हणजे इथं आधी दगडाची खाण होती म्हणतात, अंबाबाईच्या देवळाला इथलाच दगड गेला म्हणतात, मग भूकंप झाला, जमीन खचली आणि पाणी भरलं म्हणतात, रंकभैरवाच्या देवळावरनं नाव पडलं रंकाळा. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मधे शिंक आली तरी पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडतं. पाहुणे हूं हूं करतात आणि पलीकडं बोट करून विचारतात, तो राजवाडा का? हो, शालिनी पॅलेस, 1930 च्या दशकातला, राजकन्येच्या नावाचा. आत जायचं का? नाही, बाहेरनंच बघायचा. मग त्यांचे चेहरे पडतात आणि ते माझ्या इतकं मनाला लागतं, जसं काही बघायला आलेल्या मंडळींनी आपल्या पोराची उंची विचारलीय.

कारण मला जे दिसतं ते ह्यांना कसं दाखवणार. राजघाटाच्या पायऱ्यांजवळचा तो कट्टा, लग्न ठरल्यावर आम्हाला दोघांना "जरा बोला" म्हणून तिथं पाठवलेलं आणि ह्यांनी स्वतःची भेळ संपवून माझ्या कागदातले शेंगदाणे वेचून खाल्ले, बोलले काहीच नाहीत, मागं वीस पावलांवर माझे दोन काका आणि ह्यांची आत्या कणीस खात उभे. जरा पुढं गेलं की ती जागा जिथं सासूबाईंनी मला पहिल्यांदा "अगं" सोडून नावानं हाक मारली, मागनं म्हैस येत होती म्हणून. ह्यात फोटो काढण्यासारखं काय आहे? पाहुणे म्हणतात, छान, बोटिंग कुठं असतं?

सगळ्यात अवघड मे महिना, आणि पाहुणे नेमके मे मध्येच येतात कारण पोरांना सुट्ट्या. पाणी खाली गेलेलं असतं, संध्यामठ एरवी पाण्यातनं नुसता डोकं वर काढून असतो तो आता दगडी खांबांसकट उघडा पडतो, ही खरं तर बघायची गोष्ट, पण काठाला केंदाळ, म्हणजे जलपर्णी, साठलेलं असलं तर वास असा मारतो की मठ कोण बघतंय. नाल्यांचं सांडपाणी तळ्यात आलं की केंदाळाला खतच मिळतं, मग ते काढा नाहीतर नका काढू, परत हजर. नणंदबाई पुण्याच्या, रुमाल नाकाला लावून म्हणाल्या, "वहिनी, हे हिरवंगार लॉन केलंय का नवीन?" मी म्हटलं, "हो, पाय नका ठेवू वन्सं."

पावसाळ्यात तो खरा रंगात येतो आणि तेव्हा मी एकटीच जाते, पाहुणे असले तर त्यांना भज्यांच्या नादी लावून घरीच बसवते. पाणी काठाला टेकलेलं, वारं असं की छत्रीचं कमळ होतं, पलीकडचा पॅलेस पावसात पुसलेला आणि कट्ट्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेले दोन म्हातारे "राधानगरीचं किती दार उघडलं" ह्यावर भांडत असतात. राधानगरी धरणाची दारं आपोआप उघडतात आणि ती उघडली की कोल्हापूरकर आपोआप पंचगंगेवर नाहीतर मोबाईलवर पाणी बघायला लागतात, राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आमच्यात पाढे यायच्या आधी येतं. 2019 च्या ऑगस्टला मुंबईचे मावसदीर शनिवार-रविवार बघून आलेले, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि ते आमच्याकडंच अडकले. सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, पंपच बुडालेले. मी टँकरच्या लाईनीत कळशी घेऊन उभी आणि हे गृहस्थ मागनं येऊन विचारतात, वहिनी, रंकाळा राहिला बघायचा, आज जमेल का? मी कळशी त्यांच्याकडं दिली. हायवे सुरू होईपर्यंत कळशी त्यांच्याकडंच होती, मनुष्य चांगला, कुरकुरला नाही.

गौरी यायच्या दिवशी मात्र मला कुणीही पाहुणा सोबत नको. आजीबरोबर मी लहानपणी जायची, तेरड्याचे डहाळे पाण्यात बुडवून कळशीत ठेवायचे, पायऱ्या शेवाळानं गुळगुळीत, आजीनं माझा दंड धरलेला की मी तिचा हे कळायचं नाही, आणि पदराला ओल्या तेरड्याचा वास घरी येईपर्यंत. अजून जाते. एके वर्षी ह्यांच्या मित्राची बायको कॅमेरा घेऊन आलेली, तिला नाही म्हणता येईना. मी डहाळे बुडवले, उठले, तर म्हणते "ताई, परत एकदा बुडवा ना, लाईट गेला मगाशी." आमची गौर त्या वर्षी चांगली चार वेळा न्हाली.

थंडीतले पाहुणे शहाणे असतात, सकाळी उठून सूर्योदय बघायचा म्हणतात. धुकं एवढं की सूर्योदय सोडा, तळंच दिसत नाही. फिरायला आलेले लोक धुक्यातनं फक्त आवाजानं कळतात, आधी हसायचा क्लबवाले ऐकू येतात, मग मधेच एखादा खोकला, मग मफलर. मी आपली पांढऱ्या शून्याकडं हात करून सांगते, तिथं पॅलेस, तिथं मठ, आणि पाहुणे बिचारे माझ्या हाताचा फोटो काढतात. येताना गंगावेशला दुधाच्या कट्ट्यावर थांबायचं, म्हैस उभी असते, समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. एका पुण्याच्या पाहुण्यांनी तिथं विचारलं, "पाश्चराइज्ड आहे का?" दूधवाल्यानं म्हशीकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "दूध नाही, म्हस हाय. प्या तुमी." दोन पेले प्यायले आणि दुपारी जेवले नाहीत, तेवढाच माझा रस्सा वाचला.

आजवर रंकाळ्यानं कुणाला खरंच गप्प केलं असेल तर वन्संच्या धाकट्या लेकीला, तेही पाण्यामुळं नाही. तिला मी नंदीची गोष्ट सांगितली. काठाजवळच्या देवळातला नंदी, तो म्हणे रोज एक गहूभर पुढं सरकतो आणि एक तांदूळभर मागं येतो, आणि ज्या दिवशी तो तळ्यात पोचेल त्या दिवशी प्रलय. ही गोष्ट मोठ्या माणसांना सांगितली की ते हसतात आणि रगडा खायला लागतात. ही पोरगी गप्पच झाली, आईस्क्रीम हातावर गळायला लागलं तरी गप्प, आणि मग म्हणाली, "मामी, तांदूळ कुठला? कारण बासमती असेल तर तो गव्हापेक्षा लांब असतो, मग नंदी मागेच जाणार ना."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. रात्री जेवताना हे दुकानातनं आले, म्हणजे रंकाळा संपल्यावर, आणि त्यांनी तो प्रश्न मनावर घेतला. म्हणाले, जुन्या काळी इथं बासमती कुठला, आपला आजरा घनसाळ असणार, तो बुटका, त्यामुळं नंदी पुढंच जातोय. वन्संचे यजमान म्हणाले, गहू पण त्या काळी खपली असेल, तो लांबट. वाटीत गहू आले, तांदूळ आले, पोळपाटावर ओळी लागल्या, कंपासपेटीतली पट्टी निघाली, माझी भाकरी तव्यावर जळाली. पोरगी जाताना अर्धा किलो घनसाळ बरोबर घेऊन गेली.

परवा तिचा फोन आला. वर्गात सगळ्यांनी मोजलंय, घनसाळ धरला तर जगाला धोका आहे. मे मध्ये सगळे येताहेत, वन्संना वासाचा त्रास होतो तरी येताहेत, नंदीपासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचंय म्हणे. मोठी टेप मामाच्या दुकानात मिळेल ना, असं विचारत होती. मी फोन ह्यांच्याकडं दिला आणि म्हटलं, ह्या वेळी तुम्ही न्या.