दुधीला नख लावू नका

मला दुधी आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. लहानपणी आई चणाडाळ घालून दुधी करायची, तेव्हा मी डाळ वेचून खायचो आणि दुधीच्या फोडी मिठाशेजारी रांगेत लावून ठेवायचो. अशा माणसाने जून ते सप्टेंबर एका दुधीची उस्तवार करावी, याला प्रारब्धच म्हणायचं.

खरं तर लावायची होती कोथिंबीर. उन्हाळ्यात जुडीचा भाव ऐकून बायको म्हणाली, "टेरेस काय फक्त चड्ड्या वाळत घालायला घेतलाय?" कोथिंबिरीसाठी धने चपलेखाली रगडून त्यांच्या डाळी करायच्या असतात, हे मला ठाऊक होतं. मी चप्पल साबणाने धुतली, डेटॉलने पुसली आणि मग रगडले. आई बघत होती. "चपलेची मुंज करतोयस का रे?" एवढंच म्हणाली. अकरा रोपं आली. खुडू-खुडू म्हणेस्तोवर त्यांना फुलं धरली. पोह्यांवर घालायला म्हणून जी निघाली, ती पोह्यांत शोधावी लागली.

मग आईने पिशवीतून एक कागदाची पुडी काढली. साताऱ्याहून आणलेल्या दुधीच्या चार बिया. "हे लाव. तुझ्याकडूनही येईल."

रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घेतला, बुडाला भोकं पाडली. लाल माती, शेणखत आणि कोकोपीट. या कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, पाच किलोची वीट मिळते. ती पाण्यात टाकली की फुगते हे दुकानदाराने सांगितलं होतं, किती फुगते ते नाही. रात्री बादलीत टाकली, सकाळी ती बादलीबाहेर येऊन बाथरूमच्या जाळीपर्यंत पोचली होती. त्या दिवशी घरात कुणीही आंघोळ केली नाही आणि माझ्याशी कुणीही बोललं नाही.

वेल मात्र झकास आला. टेरेसची जाळी चढला, तिथून वरच्या काकूंचं ग्रिल धरलं. फुलंही आली, पांढरीशुभ्र, रोज दहा-बारा. मी कॉलर ताठ करून आईला व्हिडिओ कॉल केला. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "सगळे बाप्येच आहेत की रे." नर फुलाला नुसता लांब देठ असतो, मादी फुलाच्या मागे बोटभर दुधी आधीच चिकटलेला असतो. आमच्याकडे तीन आठवडे नुसते देठ. वधू-वर मेळाव्याला एका बाजूच्या खुर्च्या खचाखच भराव्यात आणि दुसऱ्या बाजूला फक्त सतरंजी, तसं.

यावर गच्चीवर बागा करणाऱ्यांच्या जगात एक उपाय आहे, थ्री-जी कटिंग. मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, मग त्याला फुटलेल्या फांदीचाही खुडायचा, की तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. देशभर फाइव्ह-जी आलं तेव्हा आमच्या टेरेसवर थ्री-जी बसत होतं. पण बसलं! ऑगस्टमध्ये पहिली मुलगी दिसली.

दुधीचं फूल उमलतं संध्याकाळी. गावाकडे रात्री पतंग येऊन पुढचं बघून घेतात. आमच्या दुसऱ्या मजल्यावर पतंग फक्त ट्यूबलाइटवर येतात. तेव्हा ते काम माझ्याकडे. साडेसहाच्या ऑफिस मीटिंगमध्ये कॅमेरा बंद केला, नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि परागकण मादी फुलाला हलकेच लावत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला.

"काय चाललंय?"

"लग्न लावतोय, काकू."

"मग अक्षता टाकू का?" आणि त्यांनी खरंच चार तांदूळ टाकले.

फळ धरलं. घरात नवे नियम सुरू झाले. आईने फोनवरून बजावलं की कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही, कोळपतं. दाखवायचंच तर बोट वाकडं करून. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. फळ काढेपर्यंत वाकड्या बोटाने हिंडलो. फळमाशी डंख मारते म्हणून दुधीला मुलाचा शाळेचा मोजा घातला. मुलगा आठवडाभर एक पांढरा, एक राखाडी घालून गेला. पुढे मोजा आखूड पडला आणि दुधी पोटरीपर्यंत दिसायला लागला.

फळ धरल्यापासून बारा-पंधरा दिवसांत कोवळा दुधी काढायचा असतो. परीक्षा सोपी आहे, नख सहज रुततं का ते बघायचं. आणि इथेच सगळं बिघडलं. मंडईत मी आयुष्यभर प्रत्येक दुधीला नख लावत आलोय. भाजीवाली ओरडायची, मी हसून पुढच्या दुधीला लावायचो. आता माझ्या दुधीवर बारीक लव होती, उन्हात ती चमकायची, आणि बघायला येणारा प्रत्येक माणूस "वा, वा" म्हणत अंगठा पुढे करायचा. काकूंनी एक चंद्रकोर काढली. मेव्हण्याने दोन. इस्त्रीवाल्याने पैसे घेता घेता एक. शेवटी पुठ्ठ्यावर लिहून लावलं: 'दुधीला नख लावू नका.' मेव्हण्याने ते वाचलं आणि पुठ्ठ्याला नख लावलं.

सोळाव्या दिवशी बायको सुरी घेऊन आली. मी म्हटलं, उद्या. हलवा की कोफ्ते हे ठरायचं होतं. मेव्हणा रसावर अडून होता. आईचं म्हणणं, आधी चकती जिभेला लावून बघा, कडू लागली तर अख्खा फेका, कडू दुधीचा रस विषारी असतो. मग मुलाची परीक्षा आली. मग माझा मावसभाऊ येणार होता, त्याला वेलावरचा दाखवायचा होता. मग गणपती. विसर्जनानंतर आई आली, तिने सरळ टिचकी मारली. टक् असा आवाज आला. जूनमध्ये लावलेला दुधी सप्टेंबरात 'जून' झाला होता.

"आता याचं काय?"

गाणं शिकणारा एक मित्र म्हणाला, मिरजेला पाठव. तंबोऱ्याचा भोपळा दुधीचाच भाऊबंद, पंढरपूरकडून जातो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. मग त्याने आमचा सडपातळ दुधी हातात घेतला, वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि म्हणाला, "तंबोरा नाही. फार तर पुंगी." गाजराची पुंगी निदान मोडून तरी खाता येते.

आई म्हणाली, "राहू दे बियाणाला." तो आता टीव्हीशेजारी वाळतोय, चार चंद्रकोरींसह. हलवला की आत खुळखुळतो.

घरात मात्र सगळ्यांच्या डोक्यात हलवा बसलेला. म्हणून परवा मंडईत गेलो. ढिगातून एक दुधी उचलला, अंगठा सवयीने पुढे गेला आणि थांबला. मी दुधी तसाच तराजूत ठेवला.

भाजीवालीने दुधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय ओ दादा, बरं नाही का आज?"