नागपूरचा सुनील गुप्ता कोण होणार?

समलैंगिक माणसांचं जगणं टिपणारे छायाचित्रकार सुनील गुप्ता यांचं काम सध्या पुन्हा पुन्हा बघतोय, आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही. असं काम आपल्या नागपुरात कोणीतरी करायला हवं, आणि आताच करायला हवं. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

गुप्तांचा जन्म 1953चा, दिल्लीचा. 1969 मध्ये कुटुंब मॉन्ट्रियलला गेलं. 1976 मध्ये ते एमबीएसाठी न्यूयॉर्कला आले आणि ते सोडून फोटोग्राफीत शिरले. तिथल्या ख्रिस्तोफर स्ट्रीटवर समलैंगिक पुरुष मोकळेपणाने फिरायचे. गुप्ता त्यांच्यातलेच एक होऊन कॅमेरा घेऊन फिरले. एड्सच्या आधीची ती वर्षं. पुढे ते लंडनला राहिले, पण दिल्लीला येत राहिले, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम या येण्यातूनच झालं.

1986-87ची त्यांची 'एक्झाइल्स' ही मालिका बघा. इंडिया गेट, हुमायूनची कबर, कनॉट प्लेस. फोटो रंगीत, ऊन छान, आणि माणसं? कोणी पाठमोरं, कोणाचा चेहरा चौकटीतच नाही. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 होतं, आणि त्याहून मोठी भीती घरच्यांची होती. फोटोंसोबत या माणसांच्या तोंडची वाक्यं दिली आहेत. एकाचं म्हणणं असं की जोडीदार असला तरी लग्न करून मुलं व्हायलाच हवीत, म्हातारपणी बघणार कोण? चाळीस वर्षं होत आली, आणि हे वाक्य मी आजही धरमपेठेत ऐकतो, महालात ऐकतो.

आता त्याच दिल्लीतली 2007 ते 2012ची मालिका घ्या, 'मिस्टर मल्होत्राज पार्टी'. त्या काळी पबमध्ये गे पार्टी ठेवायची तर ती कोणा काल्पनिक माणसाच्या नावाने, खाजगी म्हणून बुक व्हायची. नाव त्यावरून आलं. इथली माणसं भर रस्त्यात उभी आहेत आणि थेट तुमच्या डोळ्यांत बघतात. मधे 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला, की प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये फिरवला, आणि 6 सप्टेंबर 2018ला शेवटी 377चा तो भाग गेला. निकाल मी वाचले आहेत, त्यांचं मोल मला माहीत आहे. पण पाठमोरा माणूस वळायला किती वर्षं लागतात हे मला या दोन मालिका शेजारी ठेवल्यावर समजलं. एकच माणूस त्याच शहरात परत परत आला म्हणून ते दिसलं.

आणखी एक. 1995 मध्ये गुप्तांना एचआयव्ही असल्याचं कळलं. त्यांनी कॅमेरा स्वतःच्या आजारी शरीराकडे वळवला, आणि 1999 मध्ये ते काम लोकांसमोर ठेवलं. दुसऱ्याला 'समोर ये' म्हणायचा अधिकार असाच मिळतो, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे काय आहे? प्राईड मार्चचे फोटो आहेत. झेंडे, रंगवलेले गाल, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक चौकट. 2021च्या अखेरीस दोन महिला डॉक्टरांनी नागपुरात साखरपुड्यासारखा सोहळा केला, त्याचे फोटो जगभर गेले. मला त्याचा खूप अभिमान वाटला. पण हे सगळे सणाचे दिवस. मंगळवारचं काय? बर्डीवर भाजी घेणारं जोडपं, फुटाळ्यावर रोज एकाच बाकावर बसणारे दोघे साठीतले मित्र, आजारपणात दवाखान्यात डबा नेणारा 'रूममेट'. हे कोणी टिपलंय?

काही टिपलं गेलंय, पण ते कपाटात आहे. ओळखीच्या एका काकांकडे एक स्टुडिओतला फोटो आहे. मागे रंगवलेलं तळं आणि जिना, पुढे दोघे इस्त्रीचे शर्ट घालून, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि बोटं जरा जास्तच घट्ट रुतलेली. फोटोवाल्याने 'दोस्तांचा फोटो' म्हणून काढला. काकांना म्हटलं, जपून ठेवा, स्कॅन करू. ते म्हणाले, "आपला फोटो पाहून कोनाले काय भेटन रे भाऊ?" मला मिळालं, काका. माझ्याआधी या शहरात कोणी होतं, हे मिळालं. विशीत मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

अशी माणसं जातात, मग नातेवाईक खोली रिकामी करतात, आणि फोटो रद्दीत जातात. म्हणून घाई.

भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. डेटिंग अॅपवरून भेटायला बोलवायचं, फोटो काढायचा आणि पैसे उकळायचे, हे इथेही घडतं. त्यामुळे कॅमेरा घेणाऱ्याने आधी नुसतं येऊन बसावं, चहा प्यावा. चेहरा दाखवायचा की पाठ, हे समोरच्याने ठरवावं. आज 'हो' म्हणणारा उद्या 'नको' म्हणाला तर फोटो निमूट बाजूला ठेवावा. पाठमोरे फोटोसुद्धा चालतील. 'एक्झाइल्स'मध्ये तेच आहेत, आणि आज तेच बोलतायत.

नागपुरात फोटोग्राफी शिकणाऱ्या कोणाला हे करावंसं वाटत असेल तर मला मेसेज करा. माझ्यापासून सुरुवात करा, मी चेहऱ्यासकट बसेन. आणि ज्यांच्याकडे जुने फोटो आहेत त्यांनी मूळ प्रत कोणालाही देऊ नका, मलाही नाही. स्कॅनर घेऊन मीच घरी येईन.