टॉवेल टाकणारा हात कुणाचा?

‘थ्रो इन द टॉवेल’, म्हणजे टॉवेल टाकून हार मानणे, हा वाक्प्रचार इंग्रजी समालोचनात सतत कानावर पडतो, आणि बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच. दम संपला, कच खाल्ली, पळाला. मला हे मनापासून खटकतं, कारण रिंगमध्ये टॉवेल टाकतो तो बॉक्सर नव्हे, तर त्याच्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस, त्याचा प्रशिक्षक किंवा साथीदार; लढत थांबवा, अशी ती खूण. बॉक्सरला बहुधा अजून लढायचंच असतं.

आधी टॉवेलऐवजी स्पंज होता. एकोणिसाव्या शतकात उघड्या मुठींच्या लढतींत साथीदार स्पंजने बॉक्सरचं रक्त पुसायचे, आणि आता पुरे असं वाटलं की तोच स्पंज हवेत उडवायचे. टॉवेल आला तो नंतर.

त्याला सगळीकडे मान होता असंही नाही. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये जो लुईने मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत झोडपलं. श्मेलिंगच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, पण तिथल्या नियमांत ती खूणच नव्हती. पंचांनी तो बाजूला भिरकावला. लढत त्यांनीच थांबवली, २ मिनिटं ४ सेकंदांवर.

मला मात्र सतत आठवतात बॉक्सर जो फ्रेझियरचे प्रशिक्षक एडी फच. १ ऑक्टोबर १९७५, मनिलाजवळ मुहम्मद अली विरुद्ध फ्रेझियर. चौदा फेऱ्या झालेल्या, एकच उरलेली. फ्रेझियरचा डोळा सुजून बंद झाला होता, समोरून येणारा ठोसा त्याला दिसत नव्हता. तरी तो उठायला निघाला. फच यांनी त्याला बसवलं आणि लढत थांबवायला सांगितलं. प्रत्यक्ष टॉवेल उडाला नाही, पण त्या वाक्प्रचाराचा खरा अर्थ मला तिथेच दिसतो. जगज्जेतेपद एका फेरीवर असताना आपल्याच माणसाचा राग ओढवून घ्यायला केवढं धैर्य लागत असेल!

सात वर्षांनी लास वेगासमध्ये कोरियाचा किम दुक-कू रे मॅनसिनीशी लढला. चौदाव्या फेरीपर्यंत तो उभा राहिला, मग कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या होत गेल्या.

‘शेवटपर्यंत झुंजला’ म्हणून आपण टाळ्या वाजवतो. स्पर्धा परीक्षेपायी झिजणाऱ्या मुलालाही ‘अजून एकदा बस’ म्हणणारे शंभर भेटतात. ‘बास कर रे आता, चल घरी’ असं म्हणणारा एखादाच. त्याला भित्रा म्हणू नका, कारण पुढचे कित्येक महिने त्या मुलाचा अबोला तोच सोसणार आहे.