रोथेनबुर्गच्या तटाला एकच ओळ?

जर्मनीतल्या रोथेनबुर्ग या तटबंदीच्या जुन्या गावावरच्या लेखात प्लोनलाइनच्या चौकाचं, ख्रिसमसच्या दुकानांचं वर्णन मस्त जमलंय, पण तटबंदीला एकच ओळ मिळाली याची हळहळ वाटली. तटावरच्या छपराखालून चालताना भिंतीत जागोजागी नावं कोरलेले दगड दिसतात. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा पूर्वेकडचा भाग आणि तटाचा बराच हिस्सा उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा उभारायला जगभरातून ज्यांनी पैसे दिले, त्यांची ही नावं. जपानी नावंही बरीच आहेत. वाचता वाचता पाय थबकतातच.

आणि सेंट याकोब चर्चमध्ये जिना चढून वर नक्की जा. शिल्पकार रीमेनश्नायडरने लाकडात कोरलेल्या येशूच्या शेवटच्या भोजनाच्या दृश्यात मधोमध उभा आहे तो येशूला दगा देणारा यहूदा! संध्याकाळी बसगाड्या परतल्यावर गल्ल्या मोकळ्या होतात, म्हणून जमलं तर मुक्कामच करा.