लग्नातलं धोतर आणि दोन किलो नाचणी

पोराला सहा महिने पूर्ण झाले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता दुधाबरोबर वरचं सुरू करा. आधी दोन-तीन चमचे, पातळसर. वर्षाचा होईपर्यंत मीठ-साखर नको. मध तर बोटालासुद्धा लावू नका." आईचा चेहरा उतरला. बेळगावात जन्माला यायचं आणि वर्षभर इथल्या कुंद्याची, म्हणजे खव्याच्या मिठाईची, चव नाही, हा तिच्या मते नातवावर धडधडीत अन्याय होता.

येताना औषधाच्या दुकानात बाळाच्या तयार खाण्याच्या डब्याची किंमत विचारली. ३०० ग्रॅमला तीनशेच्या वर. मी सोसायटीत हिशेब लिहिणारा माणूस, तोंडातून निघून गेलं, "एवढ्यात रविवार पेठेतनं पाच-सहा किलो नाचणी येते की!"

बायको थांबली. "मग आणा की."

दोन किलो आणली. आता आई वडगावची, तिचा विश्वास तांदळाच्या पेजेवर. सासूबाई खानापूरकडच्या, त्यांच्या घरात नाचणीशिवाय मूल वाढलेलंच नाही. बायकोनं मोबाइलवर वाचून निकाल दिला: १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमच्या वर आणि पांढऱ्या तांदळात कसंबसं दहाच्या आसपास. आई म्हणाली, "तुझा नवरा पेजेवरच वाढलाय." बायकोनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि काही बोलली नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल आमच्या घरच्या निकालाआधी लागेल असं मला तेव्हा वाटलं.

शेजारच्या अज्जी कन्नड. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "रागी सरी माड्री." सरी म्हणजे ठीक, बरोबर, एवढं कन्नड आम्हाला सगळ्यांना येतं. मला वाटलं, म्हातारी सांगते आहे की नाचणीचं काम नीट कर. मी मान हलवून म्हटलं, "सरी." त्या खूश झाल्या. बाळाच्या नाचणीच्या खिरीलाच कन्नडमध्ये रागी सरी म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

एक किलो नाचणी सहा पाण्यांनी धुतली, तरी खडे निघतच होते. रात्रभर भिजवली. मोड आणायला मऊ सुती कापड हवं होतं. बायकोनं कपाट उघडून माझं लग्नातलं धोतर काढलं. "परत कुठं नेसणार आहात?" या प्रश्नाला 'नाही' म्हणावं तरी पंचाईत, 'बघू' म्हणावं तर त्याहून जास्त. धोतर मधोमध फाटलं.

दीड दिवसात मोड आले, पांढरे, नाजूक. घरी सगळ्यांनी कौतुकानं बघितले. सासूबाईंचा फोन आला, "उन्हात नको हं, सावलीत वाळवा." बेळगावातला जुलै. ऊन कसं असतं हे आम्ही जूनमध्येच विसरलो होतो. घरभर सावली, घरभर ओल. हॉलमध्ये चादर पसरून पंखा लावला आणि आम्ही स्वयंपाकघरात झोपायला गेलो. रात्री लाईट गेली. दुसऱ्या रात्रीही गेली. तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये असा वास सुटला की आलेल्या मेहुण्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भावोजी, घरात काय काढायलाय काय ओ?"

तो किलो मागच्या गल्लीतल्या म्हशीनं एका दमात संपवला. जाऊ दे, कॅल्शियम कुणाच्या तरी हाडात गेलं.

दुसऱ्या किलोला मोड आणून दोन दिवस पंख्याखाली ठेवला आणि उरलेली ओल मंद आचेवर तव्यात घालवली. भाजताना खमंग वास सुटला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे जमेल. मग गिरणी. बायकोची ताकीद होती: गव्हावर नाही, ज्वारीवर नाही, मिरचीच्या गिरणीकडं तर बघायचंही नाही, फक्त तांदळावर दळून आणायचं. बाळाला एका वेळी एकच नवीन धान्य, म्हणजे काही बाधलं तर कशानं ते कळतं. गिरणीवाला म्हणाला, "किलोभर तर दगडातच अडकतंय की ओ. बसा, तांदूळवाला येईल." पावणेदोन तास बसलो. ज्वारी आली, गहू आला, एक आजोबा हरभऱ्याची डाळ घेऊन आले. शेवटी भाकरीचे तांदूळ घेऊन एक बाई आल्या, तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली.

घरी पीठ धोतराच्या दुसऱ्या अर्ध्यातून वस्त्रगाळ केलं. किलोचं निम्म्याहून थोडं जास्त उरलं. बाकीचं माझ्या भुवयांवर होतं.

चमचाभर पीठ थंड पाण्यात कालवून शिजवायला ठेवलं. हात क्षणभर थांबला की गुठळी, म्हणून दहा मिनिटं ढवळत राहिलो. कोमट करून पहिला चमचा पोराच्या तोंडात घातला. त्यानं ते जिभेवर फिरवलं, विचार केला आणि माझ्या शर्टावर परत केलं. पुढचे चार दिवस हाच व्यवहार. रोज उरलेली वाटी मी उभ्या उभ्या संपवत होतो, टाकवत नव्हतं म्हणून. माझी हाडं आता खणखणीत असावीत.

बायकोनं थोडं पीठ अज्जींना दिलं, शेजारधर्म म्हणून. संध्याकाळी पोराला कडेवर घेऊन तिकडं गेलो, तर अज्जींनी त्याला मांडीवर आडवं घेतलं आणि आपल्या वाटीतलं चमच्या चमच्यानं भरवलं. पोरगं मिटक्या मारत सगळं चाटून मोकळं. तेच पीठ, तेवढंच पाणी. मी विचारलं, वेगळं काय घातलं? अज्जी हसल्या, "सरी!"

रात्री हिशेबाची वही काढली. दोन किलो नाचणी, बारीक चाळणी, मिक्सरच्या छोट्या भांड्याचं नवं पातं (आधी दळायचा प्रयत्न घरीच केला होता), गॅस, शर्ट. धोतर कुठल्या खात्यात लिहायचं, ते सुचेना. तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला, "इन्नोंद स्वल्प हिट्टु कोड्री!" आणखी थोडं पीठ हवं होतं.

पीठ संपत आलं होतं. मी वही मिटली आणि धोतराचा पहिला तुकडा धुवायला घेतला.