मेंटॉरबाई आणि मिलिंदला फुटलेला पाझर

कॉलेजातल्या एका मेंटॉरबाईंनी, म्हणजे मुलांकडे लक्ष ठेवायला नेमलेल्या शिक्षिकेने, मुलांसाठी लावलेल्या नियमांच्या नोटिशीचा फोटो एव्हाना सगळ्यांच्या फोनवर फिरून गेला होता, त्यामुळे शनिवारी पार्काच्या कट्ट्यावर कुणी ती वाचून दाखवायच्या भानगडीत पडलं नाही. मिलिंद आला तोच पेटलेला.

"संध्याकाळी सहानंतर मेसेज करायचा नाही! मुदत एकदाच वाढवून मिळेल! ही मेंटॉर आहे की गिरणीमालक?"

कुठल्याही विषयावरून १९८२च्या संपावर यायला मिलिंदला एरवी एक कटिंग तरी लागतो. आज चहा यायच्या आतच पोचला.

मनीषा कॉमर्सला शिकवते, तिच्याकडेही चाळीसेक मुलं मेंटॉर म्हणून सोपवलेली आहेत. ती म्हणाली, "नोटीस शेवटपर्यंत वाचलीस? खाली १४४१६ लिहिलंय. टेलिमानस, मन खचलेल्यांसाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीतही बोलतात. रात्री दोन वाजता झोपेतून उठून मी काहीतरी पुटपुटण्यापेक्षा ते बरं."

"म्हणजे पोरगं जिवावर उदार झालं तरी तू सहालाच दुकान बंद करणार?"

"जिवाचं काही बोललं तर घड्याळ बघायचंच नाही. एकटं सोडायचं नाही, काउन्सेलरच्या दारापर्यंत आपण सोबत चालत जायचं. आणि 'कुणाला सांगणार नाही' हे वचन मेलं तरी द्यायचं नाही, कारण ते मोडावं लागतं. पण रात्री अकराला येणारे मेसेज तसले नसतात रे. 'मॅम, उद्या काय सबमिट करायचंय?' एवढंच असतं. जे महिनाभर वर्गाच्या फळ्यावर लिहिलेलं असतं."

शेखरने विचारलं, काउन्सेलर असतो तरी का सगळीकडे? जुलै २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक तरी पात्र समुपदेशक हवाच. "कागदावर असतो," मनीषा म्हणाली. "नसेल तर प्राचार्यांच्या मागे लागायचं. स्वतःच तो होऊन बसायचं नाही."

मिलिंदने मग हुकमाचं पान काढलं. बदलापूरहून येणारा मुलगा, सातचं लेक्चर, लोकल लेट. बिचाऱ्याची हजेरी पंचेचाळीस टक्के. त्याला काय सांगणार?

मनीषाने वडापावाचा कागद उलटा केला, नंदूच्या खिशातलं पेन ओढलं आणि दोन आकडे मांडले. दिवसाला पाच लेक्चर धर. रोज पहिलं चुकलं तरी उरतात चार, म्हणजे ऐंशी टक्के. पंचेचाळीसला लोकल नेत नाही, कँटीन नेतं. "पण लोकलचा खरा फटका दुसरीकडेच बसतो, तो तुला माहीत नाही. मुंबई विद्यापीठाच्या नियमात सरासरी हजेरी ७५ टक्के हवी, आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ५०. रोज सातला एकच विषय असला, समजा अकाउंट्स, तर सरासरी छान राहते आणि पोरगं अकाउंट्समध्ये अडकतं. हे मेंटॉरने जूनमध्येच टाइमटेबल बघून पकडायचं असतं. डिव्हिजन बदलून मिळते का, नंतरची बॅच आहे का, ते तेव्हाच विचारता येतं. ऑक्टोबरमध्ये रडून काय होणार?"

"ऑक्टोबरमध्येही माणूस माणसाला—"

"गणित आहे ते, मिलिंद. सेमिस्टरला तीनशे तास. निम्मे झाले, दीडशे. त्यातले साठ बसला. उरलेले सगळे दीडशे बसला तरी दोनशे दहा, म्हणजे सत्तर टक्के. निम्म्यावर असताना पन्नासच्या खाली गेलास की ७५ कुणाच्या बापाला शक्य नाही. म्हणून पहिली चिठ्ठी चौथ्या आठवड्यात द्यायची. लेखी. किती तास झाले, किती बसलास, आता किती चुकवलेले चालतील, एवढे तीन आकडे. आजारपण असेल तर कागद त्याच आठवड्यात आणून दे. कॉलेजची हजेरी समिती सवलत देऊ शकते, पण टर्म संपल्यावर उगवलेल्या टायफॉइडला नाही."

टायफॉइडवरून नंदूला मिलिंदचं लग्न आठवलं. स्टेट बँकेच्या परीक्षेला दांडी मारून तो खंडाळ्याला गेला होता तो कुणाच्या सर्टिफिकेटवर, हे चारचौघांत सांगावं का यावर बराच वेळ गेला. मिलिंदने उलट नंदूने मॅचमध्ये त्याला रनआउट केल्याचं काढलं. ते तो दरवर्षी काढतो, आणि दरवर्षी स्वतःच्या धावा वाढवून सांगतो.

शेखर क्लास चालवतो, म्हणून त्याला मुदतवाढीचंच पडलं होतं. मनीषाचा हिशेब सरळ: मुदत संपायच्या आधी मागितली तर मिळते, नवी तारीख मुलाने स्वतः लिहून द्यायची, आणि तीही टळली तर त्या कामाचे मार्क गेले. एक असाइनमेंट गेली म्हणून जग बुडत नाही. बुडतं कधी? एकाला गुपचूप दुसरी सूट दिली की. संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर येतं आणि वेळेत देणारी पोरं मूर्ख ठरतात.

"आणि दुसऱ्या सरांकडे जाऊन मार्कांसाठी शब्द टाकायचा नाही, केटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या परीक्षेचा, फॉर्म मुलाच्या वतीने भरायचा नाही. मी भरला आणि विषयाचा कोड चुकला तर शिव्या मला, वर्ष त्याचं. समोर बसवून त्याच्याकडून भरून घ्यायचा. वीस मिनिटं लागतात."

"आईबापांना फोन?"

"पोरगं अठराच्या वर आहे. आधी त्याला सांगायचं, मग त्याच्यासमोर फोन. पाठीमागून केलास की पुन्हा तो तुझ्या केबिनला फिरकत नाही."

मिलिंद गप्प झाला. हे इतकं विरळा की सगळेच त्याच्याकडे बघायला लागले. मग खाकरून, आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या त्या समितीत... ओळखीचं कुणी असतं का गं?"

नंदूच्या हातातला चहा सांडला. "पुतण्या! अरे हा मघापासून पुतण्यासाठी भांडतोय!"

"बदलापूरला राहतो का तो?" शेखरने विचारलं.

"माहीमला," मिलिंद म्हणाला. पुढचं मिनिटभर कुणाला काही बोलता आलं नाही.

मनीषाने तेवढ्यातही काम सोडलं नाही. "त्यालाच विचार. किती तास झाले, किती बसला. लाव फोन." मिलिंदने लावला. नंदूने हात घालून तो स्पीकरवर टाकला. मागे सिनेमाच्या मध्यंतराचा गलका, कुणीतरी ओरडतंय, मोठा पॉपकॉर्न की छोटा.

"काका, लेक्चर चालू आहे, नंतर करतो," पुतण्या कुजबुजला.

रात्रीचे पावणेनऊ वाजले होते.