‘रस्त्यावर कधी पंक्चर काढलंय का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सायकलच्या सीटखाली लावायच्या सॅडल बॅगेवरच्या माझ्या लेखाखाली ‘जुना सायकलस्वार’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तीन दिवस ती डोक्यातून जात नाही. दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवावा असं आधी ठरवलं होतं, पण ते दोन ओळींत मावणारं नाही.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोड बाइकला, म्हणजे अरुंद टायरच्या वेगवान सायकलला, साधारण ०.६ लिटरची बॅग पुरते, त्याहून मोठी घेऊ नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं: एवढ्याशा बॅगेत एकच ट्यूब बसते, मग दुसरं पंक्चर झालं तर माणसाने काय करायचं? पावसात आत पाणी शिरतं, त्याचं काय? प्रेस्टा व्हॉल्व्हच्या (रोड बाइकच्या ट्यूबला असतो तो बारीक व्हॉल्व्ह) अ‍ॅडॅप्टरचं लेखात नावही नाही. आम्ही १९८४ साली सीटमागे चामडी पिशवी बांधून कोल्हापूरहून पन्हाळ्याला जायचो, तिच्यात पान्यापासून सोल्युशनपर्यंत सगळं असायचं. आणि शेवटचं वाक्य: ‘हे सगळं यूट्यूब बघून लिहिलेलं वाटतं. रस्त्यावर कधी पंक्चर काढलंय का?’

आधी अ‍ॅडॅप्टरचं. तुमचं बरोबर आहे, तो लेखात यायलाच हवा होता. आपल्याकडे हायवेवरच्या टायरवाल्यांकडे आणि पेट्रोल पंपांवर हवेचं जे नोझल असतं ते मोटारसायकल-गाडीच्या जाड व्हॉल्व्हचं. प्रेस्टाच्या बारीक नळीवर ते बसतच नाही. नखाएवढा पितळी अ‍ॅडॅप्टर फिरवून लावला की काम होतं. त्याआधी प्रेस्टाचं टोकावरचं नट सैल करायचं आणि कॉम्प्रेसरची हवा थोडी थोडी सोडायची, नाहीतर अरुंद टायर क्षणात फुटेल. माझ्या बॅगेत तो कायम असतो, लिहायचा राहिला. लेखात आता घातला आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता ते शेवटचं वाक्य. शंका विचारली असती तर मी आनंदाने उत्तर दिलं असतं. पण ‘कधी काढलंय का’ ही शंका नव्हे, हा टोमणा आहे. समोरचा माणूस कोण, कुठला, किती वर्षं सायकल चालवतोय, काही ठाऊक नसताना मारलेला. टोपणनावामागे बसून असं लिहायला फारसं काही लागत नाही. तरी उत्तर देतो.

मिरजेत माझ्या मामांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मे महिन्याची सुट्टी आम्ही तिथेच काढली. पंक्चरच्या सायकली माझ्या वाट्याला यायच्या तेव्हा मी चौथीत होतो. ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्याच्या घमेल्यात इंच-इंच दाबत फिरवायची, बुडबुडा आला की तिथे पेन्सिलीने खूण. मग काचकागद, मग सोल्युशनचा पातळ हात. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच ठिगळ. व्हॉल्व्हट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची रबरी नळी, कुजली असेल तर कात्रीने नवा तुकडा कापून चढवायचा. हे सगळं झालं की मामा एकच विचारायचे, ‘काटा काढलास का?’ ट्यूबचं भोक बुजवलं आणि टायरमधला काटा तसाच राहिला तर सायकल संध्याकाळी परत दुकानात. म्हणून टायरच्या आतून अंगठा फिरवल्याशिवाय चाक बसवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. यूट्यूब तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, कारण तुम्ही ‘रस्त्यावर’ म्हटलंय. मग रस्त्यावरचंही ऐका.

२०१७च्या सप्टेंबरमध्ये मी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करत होतो. पुण्यातून निघून साताऱ्याच्या बाजूला जायचं आणि परत यायचं, वेळ साडेतेरा तास. त्या वेळी माझ्या सीटखाली दीड लिटरची बॅग होती. मोठी, तुमच्या पिशवीसारखीच भरगच्च. शिरवळ मागे पडलं, खंबाटकीचा चढ समोर दिसायला लागला आणि मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हातमोजा न काढताच टायरमधून अंगठा फिरवला, काही लागलं नाही, निघालो. तीन किलोमीटरवर चाक पुन्हा बसलं. मग बॅगेतली दुसरी ट्यूब काढली, पंप मारायला लागलो. हवा थांबेना. ती ट्यूब कित्येक महिने त्या बॅगेत मल्टिटूलला, म्हणजे घडीच्या पान्यांच्या जुडग्याला, घासत पडली होती आणि अ‍ॅलन कीच्या कोपऱ्याने तिला घडीवरच भोक पाडलं होतं. ठिगळं होती, पण सोल्युशनची नळी कधीतरी उघडलेली, आतलं पार वाळून गेलेलं. बॅगेत चौदा वस्तू होत्या. हायवेच्या कडेला सगळ्या टॉवेलवर मांडून मोजल्या. त्या वेळी उपयोगाची त्यात एकही नव्हती.

सायकल हातात धरून दोनेक किलोमीटर चाललो. ट्रकचे टायर टांगलेली एक शेड लागली. तिथल्या माणसाने अंगठा वगैरे फिरवला नाही. सुती कापडाचा बोळा घेऊन टायरच्या आतून ओढत नेला, एका जागी कापडाचा धागा अडकला. पकडीने धरून त्याने तार उपसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. भुवईच्या केसाएवढी. ट्रकचे रेडियल टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या कडेला पडतात, त्यातल्या पोलादी तारा अशा सुट्या होऊन रस्त्यावर पसरतात. कोरड्या हातालाही त्या चटकन लागत नाहीत, मी तर हातमोजा घातला होता. त्याने ठिगळ लावून दिलं. त्याचं नोझल माझ्या व्हॉल्व्हवर बसेना, म्हणून हवा मी छोट्या पंपाने भरली, दंड भरून येईपर्यंत. तेरा तास दहा मिनिटांनी परत पोचलो.

म्हणून मी छोट्या बॅगेचा इतका आग्रह धरतो. मोठ्या बॅगेत माणूस वस्तू टाकत राहतो आणि नंतर बघत नाही. छोटीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, एक काढली की सगळ्या दिसतात. आता माझ्या बॅगेत ट्यूब असते ती टोपण लावलेल्या व्हॉल्व्हसकट घट्ट गुंडाळून, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत घातलेली. तिच्या दोन बाजूंना दोन टायर लिव्हर, टायर रिममधून उचलायच्या पट्ट्या. मल्टिटूल मुलाच्या जुन्या मोज्यात, म्हणजे घासणार नाही आणि खडखडणारही नाही. चेन तुटली तर जोडायची क्विक लिंक, ठिगळं, न उघडलेलं सोल्युशन, अ‍ॅडॅप्टर, तारेसाठी छोटा चिमटा. आणि जुन्या टायरचा दोन इंचाचा तुकडा. टायरची बाजू चिरली तर तो आतून लावायचा, नाहीतर ट्यूब चिरेतून बाहेर येते. पंप बाटलीच्या पिंजऱ्याशेजारी फ्रेमवर असतो. झटक्यात टायर भरणारं सीओटू गॅसचं काडतूस मी ठेवत नाही. १६ ग्रॅमच्या काडतुसात एक टायर एकदाच भरतो, तार आत राहिली असेल तर गॅसही गेला आणि ट्यूबही. शिवाय तो गॅस रबरातून लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी साधी हवा भरावीच लागते.

आणखी एक. माझी फ्रेम छोट्या मापाची आहे, सीट आणि मागच्या टायरमध्ये जेमतेम वीतभर जागा. दीड लिटरची ती बॅग भरली की खड्ड्यात टायरला लागायची. खालचं कापड झिजून जाळीदार झालं होतं. उंच माणसांना हा त्रास कळत नाही. बुटक्या माणसांनी, आणि ज्या मुली रोड बाइक घ्यायला निघाल्या आहेत त्यांनी, दुकानात बॅग भरून, लावून, सीटवर बसून बघावी. रिकामी बॅग बघून काही कळत नाही. पट्टे सीटखालच्या दोन्ही दांड्यांना (रेल्स) आणि तिसरा सीटच्या नळीला (सीटपोस्ट) असेल तरच घ्यावी, नाहीतर पायडल मारताना ती डुलते आणि मांडीला घासते.

बाकीचे मुद्दे. दुसरी ट्यूब जर्सीच्या खिशात ठेवा, विषय संपला. पावसाचं उत्तर दुधाच्या पिशवीत आलं. पन्हाळ्याबद्दल मला आदर आहे, पण कोल्हापूरपासून पन्हाळा वीसेक किलोमीटर, आणि १९८४ साली ट्रकना सरसकट रेडियल टायर नव्हते. तुमच्या त्या पिशवीची या तारेशी गाठच पडली नव्हती, तेव्हा तिची माझ्या बॅगेशी तुलना कशासाठी? चामडी पिशव्या मीही पाहिल्यात, मामांच्या दुकानात दोन टांगलेल्या होत्या. सुरेखच असतात. पण पाना आणि ट्यूब एकाच कप्प्यात, मधे काही नाही. मी खंबाटकीला जे भोगलं ते तिथेही व्हायचंच.

तुम्ही वयाने मोठे असाल, तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटतं. माझ्या लेखातली चूक दाखवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि एक दाखवलीत, ती मी दुरुस्त केली. पण ज्या माणसाचे हात तुम्ही पाहिले नाहीत त्याने पंक्चर काढलंय की नाही हे ठरवायचा हक्क तुम्हाला नाही. हे वाक्य तुम्ही मागे घेतलंत तर बरं वाटेल. नाही घेतलंत तरी प्रतिक्रिया मी काढणार नाही, तशीच राहील.

आणि पुन्हा लिहाल तेव्हा आज तुमच्या पिशवीत काय काय आहे ते लिहा. त्यातली ट्यूब शेवटची कधी उलगडून, हवा भरून पाहिलीत, तेही लिहा.